प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरमधले दोन एल्डर : एका खोलीची केस स्टडी

ही केस दोन पोरांची आहे. दोघंही तेव्हा अठरा वर्षांचे, दोघंही मॉर्मन घरातले, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात दोघंही यूटामधल्या प्रोव्होच्या मिशनरी ट्रेनिंग सेंटरमध्ये जपानी शिकायला एकाच खोलीत येऊन पडले. एक जण पहिल्या आठवड्यापासून रडत होता, घरी जायचं म्हणत होता, शिक्षकांपासून आईपर्यंत सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच होतं, आणि तो दोन वर्षं पुरी करून परत आला. दुसरा सगळ्यांना आदर्श वाटत होता, त्याच्याकडे बघून शिका असं बाकीच्यांना सांगितलं जायचं, आणि तो ट्रेनिंग अर्ध्यात सोडून घरी गेला.

पहिला आमच्या शेजारचा पोरगा. मी ओरेमला राहतो, लीहायला आयटीत नोकरी, चर्चशी माझा काही संबंध नाही, पण इथे राहून संबंध येत नाही असं होत नाही, गल्लीतल्या दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी मिशनवर, म्हणजे घर सोडून चर्चच्या धर्मप्रचाराला, गेलेलं असतं किंवा नुकतं आलेलं असतं. पोरगा गेला तेव्हाच्या गोष्टी मला त्याच्या आईकडून कळत होत्या, बाकीच्या तो आल्यावर त्याच्याकडून, आणि नंतर त्या दुसऱ्याकडूनही, कारण ते दोघं अजून एकमेकांच्या संपर्कात आहेत. दोघांना विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. शेजारच्याला एल्डर प म्हणू, दुसऱ्याला एल्डर ट. एल्डर ही तिकडची पदवी, मिशनवर असेपर्यंत पहिलं नाव बंद, छातीवर काळी पाटी आणि त्यावर एल्डर अमुक. मुलींना सिस्टर.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं कळणार नाही. या मॉर्मन चर्चचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने स्थापन केलं, मुख्यालय सॉल्ट लेक सिटी. पोरं अठराची झाली की मिशनवर जातात, मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. २०१२ च्या ऑक्टोबरपर्यंत मुलग्यांना एकोणीस आणि मुलींना एकवीस लागायचं, तेव्हाच्या अध्यक्षांनी म्हणजे थॉमस मॉन्सन यांनी ते अठरा आणि एकोणीस केलं, आणि मिशनऱ्यांची संख्या साधारण ५८ हजारांवरून वर्षभरातच ८० हजारांच्या वर गेली. पगार नाही, उलट अमेरिकेतल्या घरांना महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, मग पोरगं टोकियोत असो की टेक्ससमध्ये, रक्कम तीच. कुठे जायचं हे आपण ठरवायचं नसतं. फॉर्म भरायचा, डॉक्टर आणि डेंटिस्टकडून तपासून घ्यायचं, बिशपचा म्हणजे तिथल्या मंडळीच्या प्रमुखाचा इंटरव्ह्यू, वर स्टेक प्रेसिडेंटचा म्हणजे अशा अनेक मंडळ्यांच्या प्रमुखाचा इंटरव्ह्यू, आणि मग वरून पत्र येतं. पूर्वी जाडजूड पांढरा लिफाफा यायचा, २०१८ पासून ते ऑनलाइन येतं, पण घरच्यांना, मित्रांना गोळा करून, आजीला व्हिडिओवर घेऊन मोठ्याने वाचायची पद्धत तशीच आहे. प च्या वेळी आम्हालाही बोलावलं होतं, जपान वाचल्यावर जो आरडाओरडा झाला तो आपल्याकडे दहावीच्या निकालालाही होत नसेल.

म्हणजे एक गोष्ट लक्षात घ्या, पोरगं ट्रेनिंग सेंटरच्या दारात पोचतं तेव्हा अख्ख्या गावाने त्याचा निरोप घेऊन झालेला असतो. रविवारी चर्चमध्ये त्याचं भाषण झालेलं असतं. सूट शिवून झालेला असतो. त्यानंतर मला जमत नाही म्हणणं किती महाग पडत असेल याचा हिशोब या केसमध्ये पदोपदी येतो.

प्रोव्होचं सेंटर बीवाययू म्हणजे ब्रिगहम यंग युनिव्हर्सिटीच्या शेजारीच आहे. मिशनऱ्यांना भाषा शिकवायचं काम तिथे १९६१ पासून चालतं, आत्ताचं आवार सत्तरच्या दशकातलं, २०१७ मध्ये नवीन मोठ्या इमारती झाल्या. मनिला, अक्रा, साओ पावलो, मेक्सिको सिटी अशी आणखीही सेंटर्स आहेत पण प्रोव्हो सगळ्यात मोठं. ज्यांना भाषा शिकायची नाही ते थोड्याच आठवड्यांत बाहेर पडतात, जपानीवाल्यांना दोन महिन्यांच्या आसपास लागतात. कोविडनंतर सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन होतो, प ने तो जेवणाच्या टेबलावर टाय लावून केला, खाली पायजमा.

मग प्रत्यक्ष जायचा दिवस. आईवडील गाडीने आणून फूटपाथला सोडतात, एक जुना मिशनरी येऊन बॅग उचलतो, मिठी, दोन मिनिटं, गाडी पुढे. आत घेऊन जाऊन रडारड करायची सोयच ठेवलेली नाही. मला हे आधी क्रूर वाटायचं, आता वाटतं की बरोबर आहे, हजारो पोरं येतात तिथे दुसरं काय करणार.

आतला दिवस साडेसहाला सुरू, रात्री साडेदहाला दिवे बंद. मधे प्रार्थना, एकट्याचा अभ्यास, जोडीने अभ्यास, क्लास, जिम, जेवण, परत क्लास. शिकवणारे बहुतेक बीवाययूचेच विद्यार्थी, त्याच देशात मिशन करून आलेले, बावीस-तेवीस वर्षांचे, पार्टटाइम नोकरी म्हणून शिकवतात. ते पहिल्या दिवसापासून जपानीतच बोलतात आणि थोड्याच दिवसांत पोरांना जपानीत पाठ द्यायला बसवतात, समोर बसलेला माणूस म्हणजे शिक्षकच, पण तो कुणा जपानी गृहस्थाची भूमिका करत असतो आणि ती सोडत नाही. प सांगत होता, त्याने पहिल्या पाठात देव आपल्यावर प्रेम करतो हे एक वाक्य चार वेळा म्हटलं कारण दुसरं येतच नव्हतं, आणि तो गृहस्थ चारही वेळा गंभीरपणे मान हलवत होता. भाषा मात्र चढते हो, हे कबूल करायला पाहिजे. दोन महिन्यांत प्रार्थना, स्वतःची श्रद्धा सांगणं आणि रोजचं साधं बोलणं एवढं पोरांना येतं, मी आमच्या ऑफिसमधल्या वर्षानुवर्षं ॲपवर जपानी शिकणाऱ्यांना बघितलंय, त्यांना नाही येत.

आता या केसमधला मुख्य नियम. प्रत्येकाला एक कम्पॅनियन म्हणजे जोडीदार ठरवून देतात आणि त्याच्यापासून लांब जायचं नाही, तो दिसला पाहिजे आणि त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे इतक्याच अंतरात राहायचं. झोपायची खोली एक, अभ्यासाचं टेबल एक, जेवायला एकत्र, फिरायला एकत्र. बाथरूम सोडून कुठेही एकटं नाही. पुढे दोन वर्षं जोडीदार बदलत राहतात पण नियम तोच. प चा पहिला कम्पॅनियन ट.

प मोठ्या घरात वाढलेला नाही, त्याची स्वतःची खोली होती, संध्याकाळी एकटाच स्केटबोर्ड घेऊन जायचा, तासभर कुणाशी बोलायचा नाही. त्याला इथे नेमकं तेच मिळेना. तो म्हणाला की धर्माचा प्रश्नच नव्हता, नियमांचाही नव्हता, मला फक्त पंधरा मिनिटं कुणी बघत नाहीये अशी हवी होती आणि ती नव्हती. तो बाथरूममध्ये जाऊन बसायचा. तिथेच रडायचा. आठवड्यातून एक दिवस प्रिपरेशन डे असतो, सगळे पी-डे म्हणतात, त्या दिवशी कपडे धुणं, समोरच्या टेकडीवजा रस्त्यावरच्या मंदिरात (ते २०२४ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं) जाऊन येणं, ईमेल, आणि घरी फोन. तर पी-डेच्या पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्याने आईला सांगितलं की मला घ्यायला ये. सेंटर आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर, त्यामुळे ये म्हणजे खरोखर येता येईल असं ये. आई गेली नाही. वडील, जे स्वतः ब्राझीलला मिशन करून आलेत, ते म्हणाले दोन आठवडे जाऊ दे, सगळ्यांनाच असं होतं. आणि हे खरंही आहे, सगळ्यांनाच होतं, पण सगळ्यांनाच होतं हे वाक्य कुणाच्या उपयोगाचं मी अजून बघितलेलं नाही.

प च्या दुःखाला अजून एक कारण होतं ते त्याने तेव्हा कुणाला सांगितलं नाही. त्याचा कम्पॅनियन फार चांगला होता. ट सकाळी बाकीच्यांच्या आधी उठलेला. ट ची फ्लॅशकार्डं रंगाप्रमाणे लावलेली. ट कुणाबद्दल वाकडं बोलत नाही, गोड दुसऱ्यांदा घेत नाही, जिममध्येसुद्धा बास्केटबॉल खेळताना जोरात हसला तर नंतर येऊन सॉरी म्हणणार की मी जरा वाहवत गेलो. तिथे तंतोतंत आज्ञापालन असा एक शब्दप्रयोग सारखा वापरतात, म्हणजे साडेसहा म्हणजे साडेसहाच, सहा एकतीस नाही, आणि त्याचं बक्षीस म्हणून देव काम सोपं करतो अशी शिकवण. त्यांच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे आठ जणांच्या वर्गात, ट या शिकवणीचा चालताबोलता नमुना होता. दुसऱ्या आठवड्यात त्याला डिस्ट्रिक्ट लीडर केलं. प त्याच्याकडे बघायचा आणि त्याला वाटायचं की मी इथे यायच्याच लायकीचा नाही.

आता ट च्या बाजूने तेच आठवडे सांगतो, हे मला त्याने स्वतः सांगितलंय, फोनवर, बऱ्याच वेळ.

ट आधी उठायचा कारण त्याला झोपच लागत नव्हती. रात्रीची प्रार्थना करताना मधेच मन दुसरीकडे गेलं की ती प्रार्थना फुकट, परत पहिल्यापासून. मग दुसऱ्यांदा करताना मन भटकेल का या धास्तीनेच ते भटकायचं, मग तिसऱ्यांदा. गुडघ्यांवर, पलंगाच्या कडेला, वरच्या बंकवर प झोपलेला. गोड दुसऱ्यांदा न घेणं हेही तसंच, एकदा घेतलं तेव्हा रात्रभर वाटत राहिलं की हा अधाशीपणा आहे आणि हा मी कुणाकडे कबूल केलेला नाही. मग कबूल करायला तो ब्रँच प्रेसिडेंटकडे गेला. ब्रँच प्रेसिडेंट म्हणजे सेंटरमधल्या तेवढ्या पोरांची आध्यात्मिक काळजी घेणारा माणूस, आजूबाजूच्या गावातला, बिनपगारी, हातात अशी कितीतरी पोरं. ट त्याच्याकडे आठवीतल्या एका परीक्षेत बघून लिहिलं होतं ते सांगायला गेला. त्याने प्रेमाने ऐकलं, म्हणाला झालं गेलं, देवाने माफ केलंय. ट ला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. ते हलकेपण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. मग वाटलं आपण सांगताना एक तपशील गाळला, म्हणजे माफी चुकीच्या माहितीवर मिळाली, म्हणजे ती माफीच नाही. परत गेला. परत प्रेमाने ऐकलं, परत माफी. नंतर परत.

कळतंय का काय चाललं होतं? हा ओसीडी आहे, मराठीत मंत्रचळ, फक्त हात धुण्याच्या किंवा कुलूप तपासण्याच्या जागी पाप आणि कबुली. धर्माभोवती फिरणाऱ्या प्रकाराला इंग्रजीत वेगळं नावही आहे पण रोग तोच. आणि या रोगात दिलासा हेच औषध म्हणून घेतलं जातं आणि तेच रोग वाढवतं, प्रत्येक वेळी हो माफ झालंय ऐकलं की मेंदू शिकतो की ही शंका आली की विचारून यायचं, मग शंका अजून लवकर येते. म्हणजे तो ब्रँच प्रेसिडेंट, जो खरोखर भला माणूस होता, तो दर भेटीत नकळत त्यात तेल ओतत होता. मी त्याला दोष देत नाही. त्याच्यासमोर एक नम्र, हळवा, नियम पाळणारा पोरगा बसलाय, त्याला तो अजून काय सांगणार.

आपल्याकडे एखाद्या घरातली आजी दिवसातून बारा वेळा हात धुते, नळ सुद्धा धुते, नातवंडांनी शिवलं तर परत अंघोळ, आणि घरातले अभिमानाने सांगतात की आमच्या आजीचं सोवळं फार कडक, आजीला आतून काय होतंय ते कुणी विचारत नाही कारण जे दिसतंय त्याला घरात मान आहे. ट चं अगदी हेच झालं. त्याचं प्रत्येक लक्षण त्या इमारतीत गुण म्हणून मोजलं जात होतं. लवकर उठणं गुण, लांब प्रार्थना गुण, वारंवार आत्मपरीक्षण गुण, स्वतःला कमी लेखणं तर मोठाच गुण. बाहेर कॉलेजच्या होस्टेलला असता तर रूममेट दुसऱ्याच दिवशी म्हणाला असता की अरे तू बरा आहेस ना. इथे त्याला लीडर केलं. या सगळ्या प्रकरणात मला सांगण्यासारखं जे काही वाटतं ते एवढंच आहे, की जिथे शिस्तीलाच बक्षीस असतं तिथे शिस्तीच्या रूपात आलेला आजार कुणाला दिसत नाही, आणि रडका पोरगा मात्र लांबून दिसतो.

वय पण बघा. हा आजार बऱ्याचदा विशीच्या आतबाहेरच डोकं वर काढतो. म्हणजे अठरा-एकोणीसची हजारो पोरं एकांत, मित्र, गाणी, हवा तेव्हा फोन सगळं काढून घेऊन एका कडक वेळापत्रकात आणली तर त्यात काहींचा तो तिथेच पहिल्यांदा दिसणार, हे चर्चलाही माहीत आहे. त्यासाठी सेंटरमध्ये दवाखाना आहे, समुपदेशक आहेत, २०१३ मध्ये मिशनऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढली त्यात ताणाचे चार रंग दिलेत, हिरवा, पिवळा, केशरी, लाल, आणि कुठल्या रंगात काय करायचं. मी ती वाचली, चांगली आहे, साध्या भाषेत आहे. प ने स्वतःला केशरी ठरवलं होतं. ट ने हिरवा. ट म्हणतो की खोटं नव्हतं बोललो, मला खरंच वाटायचं की हा ताण नाही, हा माझा नालायकपणा आहे, आणि नालायकपणाला पुस्तिकेत रंग नव्हता.

मग फुटलं कसं? दोन गोष्टींनी.

पहिली, रविवारची. त्यांच्या रविवारच्या सभेत पाव आणि पाण्याचा प्रसाद म्हणजे सॅक्रमेंट फिरवतात, ताट हातात येतं, तुकडा घ्यायचा आणि पुढे द्यायचं. ट ने न घेता ताट पुढे दिलं. शेजारी प बसलेला. न घेण्याचा अर्थ तिथे सगळ्यांना माहीत असतो, म्हणजे या माणसाला वाटतंय की आपण आत्ता पात्र नाही. प हादरला, कारण हा जर पात्र नाही तर मग कोण? नंतर विचारलं तर ट म्हणाला काही नाही, जुनी गोष्ट आहे. त्या रात्री प मुद्दाम जागा राहिला आणि त्याने पाहिलं की ट दोन वाजेपर्यंत गुडघ्यांवर आहे.

दुसरी, फोन. २०१९ च्या फेब्रुवारीच्या आधी मिशनवरच्या पोरांना घरी फोन वर्षातून दोनदा करता यायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. बाकी ईमेल. मग नियम बदलला आणि दर आठवड्याला पी-डेला फोन किंवा व्हिडिओ चालेल म्हणाले. जुन्या लोकांत यावर बरीच कुरकुर झाली होती, आईचा आवाज ऐकून पोरं अजून ट्रंकी होतील म्हणून, ट्रंकी म्हणजे मनाने बॅग भरून बसलेला. प चे वडील त्याच मताचे. तर पुढच्या कॉलवर प स्वतःचं रडगाणं सांगता सांगता सहज म्हणाला की माझं जाऊ दे, ट बघ, तो तर दोनपर्यंत प्रार्थना करतो आणि तरी त्याला पाव घ्यायला लाज वाटते. आईने तिथेच थांबवलं. तिच्या भावाला हे झालेलं. तिने त्याला दोनच प्रश्न विचारले, तो एकच गोष्ट परत परत सुरू करतो का, आणि एकच गोष्ट परत परत कबूल करतो का. मग म्हणाली हे आजच्या आज कुणाला तरी सांग.

प ने आजच्या आज सांगितलं नाही. दोन दिवस घेतले. हे दोन दिवस मला या केसमधले सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. कम्पॅनियनची तक्रार करणं म्हणजे गद्दारी, ट लीडर आहे, आपण रडके आहोत, लोक म्हणतील याला जोडीदार नकोय म्हणून काहीतरी काढतोय. आणि तक्रार तरी कसली करायची, की हा फार प्रार्थना करतो? ट्रेनिंग सेंटरमध्ये? शेवटी तो ब्रँच प्रेसिडेंटकडे न जाता क्लासनंतर शिक्षकाकडे घुटमळला. तो शिक्षक, तेवीस वर्षांचा, जपानला असताना त्याचा स्वतःचा एक कम्पॅनियन असाच घरी गेला होता. त्याला पूर्ण ऐकायचीही गरज पडली नाही. त्याने सांगितलं की ही तक्रार नाही, त्याचा पाय मोडला असता तर तू सांगितलं असतंस ना, आणि तो स्वतः प बरोबर ब्रँच प्रेसिडेंटकडे गेला. ट ला क्लासच्या दारात दुसऱ्या एका जोडीबरोबर उभं केलं, कारण एकटं ठेवायचं नाही हा नियम तेव्हाही होताच.

नंतरचं पटापट सांगतो. समुपदेशकाने ट ला तपासलं, डॉक्टरने तपासलं, निदान झालं. उपचार काय असतात ते साधारण ठरलेलं आहे, औषध, आणि एक थेरपी ज्यात शंका येऊ द्यायची पण त्यावर जे करायची सवय लागलीय ते करायचं नाही, म्हणजे प्रार्थना एकदाच, कबुली एकदाच, आणि अस्वस्थ वाटलं तर अस्वस्थ बसायचं. ट ने यावर ब्रँच प्रेसिडेंटला विचारलं की घरी गेलो तर पाप आहे का. त्याने सांगितलं, नाही. ट ने परत विचारलं. आणि तेव्हा त्या माणसाने, समुपदेशकाने आधी समजावून ठेवलं होतं म्हणून, सांगितलं की मी या प्रश्नाचं उत्तर दिलंय, आता देणार नाही. ट म्हणतो की त्या क्षणी त्याचा इतका राग आला होता, आणि आता मागे वळून बघताना वाटतं की त्या सेंटरमध्ये माझ्यासाठी कुणी केलेली पहिली खरी गोष्ट ती.

तिथेच राहून उपचार घ्यायचे की घरी जायचं यावर थोडे दिवस गेले, वेळापत्रकात थेरपी बसेना, झोप येईना, शेवटी पाचव्या आठवड्यात तो ॲरिझोनाला घरी गेला. वैद्यकीय कारणाने सन्मानाने सोडलं असं कागदावर असतं. कागद कोण बघतं. विमानतळावर फुगे आणि पाट्या घेऊन उभे राहायची जी पद्धत आहे ती अर्थातच नव्हती, आईवडील होते. ट म्हणतो की वाईट बोललं असं कुणीच नाही, एकही माणूस नाही, फक्त रविवारी हात हातात घेऊन प्रेमाने विचारायचे की मग परत कधी जाणार. काही महिन्यांनी त्याला घरी राहून करायचं सेवा मिशन मिळालं, ते आता तब्येतीमुळे बाहेर जाऊ न शकणाऱ्यांसाठी रीतसर असतं, काळी पाटी लावून तो गरजूंना धान्य देणाऱ्या चर्चच्या कोठारात काम करायचा आणि आठवड्याला थेरपीला जायचा. आता कॉलेजला आहे. औषध चालू आहे. चर्चला जातो, प्रार्थना एकदा करतो.

आणि प? त्याला दुसऱ्या एका जोडीत तिसरा म्हणून घातलं, आणि त्याचं रडणं थांबलं. तिघांत दोघं आपापसात बोलत असले की तिसरा गप्प बसू शकतो, त्याला त्याची पंधरा मिनिटं अशी मिळाली. शिवाय स्वतःला ज्याच्याशी मोजत होता तो गेला. हे तो मोकळेपणाने सांगतो आणि त्याला त्याची बोचही आहे, की तो गेल्यावर मला बरं वाटलं. जपानमध्ये पहिला हिवाळा कठीण गेला पण तो वेगळा विषय, २०२५ च्या उन्हाळ्यात तो परत आला, जपानी उत्तम, आणि गल्लीत सगळ्यांना वाकून नमस्कार करतो.

या केसवर माझं आणि प च्या वडिलांचं एकमत नाही. ते म्हणतात की व्यवस्थेने काम केलं, पोरगा आजारी होता, कळलं, घरी पाठवला, उपचार झाले, अजून काय पाहिजे. मी म्हणतो की व्यवस्थेने नाही, एका बाईच्या भावाला तोच आजार होता म्हणून कळलं, आणि ज्या फोनला तुमचा विरोध होता त्या फोनवर कळलं. ते यावर हसतात. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, की ट ला हा आजार मिशनने दिलेला नाही, कॉलेजात गेला असता तर तिथेही दिसला असता, कदाचित उशिरा आणि जास्त वाईट. तो बरोबर आहे. आणि आपल्याकडच्या मित्रांना मी हे प्रकरण सांगितलं की त्यांची पहिली प्रतिक्रिया ब्रेनवॉश अशी येते, ते मला अजिबात पटत नाही, ही पोरं डोळे उघडे ठेवून जातात, त्यांच्या बापांनी, काकांनी काय भोगलं ते ऐकून जातात. बेंगळुरूला या चर्चचं मिशन १९९३ पासून आहे, भारतातली पोरंही जातात, मनिलाला ट्रेनिंग घेतलेली भेटतील तुम्हाला. प्रश्न श्रद्धेचा नाहीये. ट ची श्रद्धा तेव्हाही होती आणि आत्ताही आहे.

मला खटकतं ते एवढंच की ट ला दर वेळी श्रद्धेचा प्रश्न समजून उत्तर दिलं गेलं, आणि प ला पण. त्याला एकांत हवा होता तर त्याला अजून प्रार्थना कर सांगितलं. झोप होते का हा प्रश्न दोघांनाही सगळ्यात शेवटी विचारला गेला, आणि तो समुपदेशकाने विचारला. इंटरव्ह्यूच्या सुरुवातीलाच हा प्रश्न विचारला तर कुणाच्या धर्माला धक्का लागत नाही. ब्रँच प्रेसिडेंटला एकच पाप तिसऱ्यांदा ऐकलं की समुपदेशकाला फोन लाव असं आधीच सांगून ठेवलं तर त्यालाही सोपं जाईल. याला पैसे लागत नाहीत. काही ब्रँच प्रेसिडेंट हे करतही असतील.

आता प च्या धाकट्या बहिणीचा फॉर्म चाललाय. मुलींची वयाची अट २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एकोणीसवरून अठरा केली, त्यामुळे तिला वर्षभर थांबायची गरज उरली नाही, बारावी संपली की जायचं म्हणते. वैद्यकीय फॉर्मवर चिंता, नैराश्य वगैरे कधी झालंय का असं विचारलेलं असतं. तिला अकरावीत परीक्षेच्या आधी काही आठवडे झोप लागत नव्हती, शाळेच्या समुपदेशकाकडे गेली होती, बरं झालं. तिचं म्हणणं की ते लिहायचं नाही, लिहिलं तर परदेशात पाठवणार नाहीत, घराजवळच कुठेतरी टाकतील. आईचं म्हणणं की लिहायचं, आणि मामाचंही लिहायचं. वडील म्हणतात बिशपला विचारू. प म्हणतो ट ला विचारा, आणि तिने खरंच ट ला फोन केला, त्याने काय सांगितलं ते ती सांगत नाही, फॉर्म अजून पाठवलेला नाही.